‘लैंगिक गुन्हेगारांची यादी नोटीस बोर्डावर लावा’: या मेसेजमध्ये खरं किती?

मुलांवरच्या अत्याचाराची बातमी आली की हा मेसेज हमखास फिरतो: ‘अमेरिकेत लैंगिक गुन्हेगारांचे फोटो-पत्ते इंटरनेटवर असतात, म्हणून तिथली मुलं सुरक्षित. भारतात अशी यादीच नाही. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा!’ संताप रास्तच आहे. मजकूर मात्र तपासायला हवा.

‘यादीच नाही’? आहे की. एनसीआरबीने, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, ती २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू केली, तेव्हाच ४ लाख ४० हजारांवर नोंदी होत्या. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना पाहता येते.

‘म्हणून तिथली मुलं सुरक्षित.’ न्यू जर्सीत १९९४ मध्ये सात वर्षांच्या मेगनचा खून झाला. मारणारा समोरच राहायचा, आधी शिक्षा भोगलेला, आणि तिच्या घरच्यांना त्याची कल्पनाच नव्हती. त्यातून ‘मेगन्स लॉ’ आला, १९९६ मध्ये देशभर लागू झाला. म्हणजे मागणी हवेतली नव्हती. पण प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये आकडे तपासले तेव्हा दिसलं की पोलिसांकडच्या नोंदणीने गुन्हे घटतात. यादी जाहीर केल्यावर मात्र यादीतलेच लोक पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता वाढते. नोकरी नाही, घर नाही, मग गमावण्यासारखं उरतं काय? मायामीत शाळांपासून अडीच हजार फुटांच्या आत राहायला बंदी घातली, तर सुटून आलेले कैदी खाडीवरच्या ज्युलिया टटल पुलाखाली तंबू ठोकून राहू लागले. काहींच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर पत्ता म्हणून चक्क तो पूल होता!

आता नोटीस बोर्ड. एनसीआरबीच्याच आकड्यांनुसार बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो: शेजारी, नातेवाईक, कधी बापच. ‘ब विंग, दुसरा मजला, पोक्सो’ असं बापाचं नाव लागलं की मुलगी कोण, हे वॉचमनलाही कळणार. पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ नेमकी हीच ओळख फोडायला मनाई करतं. शिवाय काकाचं नाव बोर्डावर लागणार म्हटल्यावर किती घरं तक्रार द्यायला जातील? आताच कितीतरी प्रकरणं ‘घरातलं घरात’ दाबली जातात.

राहिला शाळांचा प्रश्न. २०२० च्या पोक्सो नियमांनुसार शाळेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कंत्राटी असला तरी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करणं शाळेला बंधनकारक आहे. पुढच्या पालकसभेत विचारा: बसवरच्या काकांची शेवटची पडताळणी कधी झाली?