वटवट्यांचे पान

गेल्या रविवारी कोथरूडमधल्या एका मंगल कार्यालयात, जिथे आदल्या दिवशीच्या मसालेभाताचा वास अजून रेंगाळत होता, किलोवर जुनी पुस्तके विकण्याचे प्रदर्शन भरले होते, आणि तिथे पक्षी ओळखण्याचे एक उत्तम फील्ड गाइड माझ्या हातून गेले. ते एखाद्या पक्षिवेड्याने नेले असते, तर मी दोन दिवस हळहळून गप्प बसलो असतो. परंतु ते नेले एका कात्रीवाल्याने. आज गुरुवार उजाडला तरी त्या गृहस्थांशी मनातल्या मनात माझे भांडण चालूच आहे, आणि त्या भांडणात दर वेळी मीच जिंकतो, एवढीच काय ती समाधानाची बाब आहे.

माझे आधीचे गाइड नऊ वर्षे इमानेइतबारे सेवा करून गेल्या हिवाळ्यात कवडी पाटच्या बंधाऱ्यावरून मुळा-मुठेत पडले. ते काढता आले असते. पण त्या पाण्यात पडलेली वस्तू पुन्हा घरात आणायची नाही, असा निकाल घरून फोनवर तत्काळ मिळाला. त्यानंतर वर्षभर मी दुकानांतून नव्या प्रती चाळत आलो, आणि मलपृष्ठावरची किंमत वाचून त्या जागच्या जागी ठेवत आलो. त्यांतल्या काहींना 'पॉकेट गाइड' म्हणतात. ते मावेल असा खिसा शिवून देणारा शिंपी मला पुण्यात अद्याप भेटलेला नाही. पानांचा द्रोण शिवून त्यात घरटे करणारा शिंपी मात्र आमच्या सोसायटीच्या बागेत रोज भेटतो.

रविवारचा दर होता दोनशे रुपये किलो. पाककृती, स्पर्धा परीक्षा आणि घटस्फोटाचा कायदा यांच्या ढिगाखालून ते गाइड निघाले, आणि मी उभ्या उभ्या त्याची परीक्षा घेतली. लोक असे पुस्तक घेताना प्रथम मोर उघडतात. मोर ओळखायला पुस्तक लागत नाही. मी थेट वटवट्यांचे पान उघडतो. हिवाळ्यात आपल्याकडे येणारे हे पक्षी चिमणीहून लहान, चहाच्या चोथ्याच्या नाहीतर वाळल्या पानाच्या रंगाचे आणि एका जागी दोन सेकंदही न थांबणारे असतात. हिरवट पर्णवटवट्या कोणता, ब्लिथचा बोरू वटवट्या कोणता आणि साइक्सचा कोणता, हे पुस्तकाने सांगितले नाही, तर बाकीच्या बाराशे पक्ष्यांची चित्रे भिंतीवर लावावीत. त्यासाठी हे सगळे भाऊबंद एका पानावर, एका मापात, एकाच दिशेला तोंड करून काढलेले हवेत. छायाचित्रांची पुस्तके इथेच दगा देतात, कारण कॅमेऱ्याने एका पक्ष्याला सकाळच्या उन्हात पकडलेले असते आणि दुसऱ्याला ढगाखाली, त्यामुळे आपण पक्ष्यातला फरक पाहतो आहोत की हवामानातला, हेच समजत नाही. मराठीतली माझ्याकडची पक्ष्यांची पुस्तके मी प्रेमाने पुन्हा पुन्हा वाचतो. पण वटवट्यांपाशी आली की तीही एखादे चित्र देऊन, पाहुण्याच्या हातावर साखर ठेवावी तशी, पुढे सरकतात.

या गाइडात एका पानावर सात वटवटे होते. सातही डावीकडे तोंड करून.

इथे मी एक मूर्खपणा केला. आणखी काही मिळते का ते पाहावे, आणि तोवर हे कोणी उचलू नये, म्हणून मी ते '२००३-०४चा आयकर' अशा नावाच्या जाडजूड पुस्तकाखाली लपवले. त्या पुस्तकाला या जन्मी कोणी हात लावणार नाही, असा माझा हिशेब होता. परत आलो तेव्हा एक पंचाहत्तरीचे आजोबा एका बगलेत आयकर आणि दोन्ही हातांत माझे गाइड घेऊन उभे होते. ते लेखा विभागातून निवृत्त झालेले होते.

"साहेब, तुम्ही यातले दिसता," माझ्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे पाहत ते म्हणाले. "यात मोर कुठाय हो?"

मी मोर काढून दिला. त्यांनी त्याच्यावर अंगठा ठेवला, आणि मोर अंगठ्याखाली दिसेनासा झाला.

"राष्ट्रीय पक्षी आणि एवढासा? आणि या मातकट चिमण्यांना मात्र अख्खं पान! सरकारी पुस्तक आहे का हे?"

मी म्हणालो, की त्या चिमण्या नव्हेत, वटवटे आहेत. मोर कोणीही ओळखतो. वटवटे ओळखणे हीच खरी कसोटी असते.

"असेल. पण चार्टवर उठून दिसणार नाहीत." मग खुलासा झाला. नात चौथीत आहे. तिला 'आपले पक्षी' हा प्रकल्प मिळाला आहे. पंचवीस पक्षी, कार्डशीटवर, मंगळवारपर्यंत. त्यांनी पिशवीतून एक कात्री आणि स्टीलची पट्टी काढून मला दाखवली. सामान घेऊनच ते घराबाहेर पडले होते.

मला घाम फुटला. मी अत्यंत आर्जवाने सुचवले, की मुलीला एखाद्या सकाळी वेताळ टेकडीवर पाठवावे. दयाळ, चीरक, शिंपी, तांबट, कोतवाल, सातभाई असे पंचवीस पक्षी मी तिला दोन तासांत प्रत्यक्ष दाखवीन.

"पाहिलेल्याला मार्क नाहीत, साहेब. चिकटवलेल्याला आहेत."

या वाक्याला माझ्याकडे रविवारीही उत्तर नव्हते आणि आजही नाही. आपल्याकडे पाचवीच्या आतले सगळे प्रकल्प आजी-आजोबाच करतात, आणि त्यांत जे काही प्राणी, पक्षी, किल्ले आणि थोर पुरुष असतात ते सगळे कुठल्या ना कुठल्या पुस्तकाला भोके पाडून आलेले असतात. जुन्या पुस्तकांत अर्ध्या चित्रांच्या जागी खिडक्या का असतात, हे कोडे मला त्या दिवशी उलगडले. मी कळवळून म्हणालो, की चित्रे हवीत तर रंगीत प्रिंट काढून मिळतील. त्यावर आजोबांनी वजनकाट्यावरच्या मुलाकडून वजन करवले. सातशे ग्रॅम.

"एकशे चाळीस रुपये. पक्षी किती आहेत यात?"

"तेराशेच्या आसपास."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "म्हणजे पक्ष्याला पावणेअकरा पैसे. प्रिंटवाला पानाला वीस रुपये घेतो. बोला."

मी घरी येऊन हा हिशेब कॅल्क्युलेटरवर करून पाहिला. तो बरोबर आहे, आणि याचा मला विशेष राग आहे.

एव्हाना त्यांना विषयात गोडी वाटू लागली होती. प्रत्येक चित्रावर बोट ठेवून ते "हा खरा केवढा असतो?" असे विचारत होते, कारण कार्डशीटवर सगळे एका आकाराचे झाले तर शिक्षिका मार्क कापतात. मी त्यांना सलीम अलींची युक्ती सांगितली. १९४१ साली प्रथम निघालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाच्या आवृत्त्यांतून पिढ्यान् पिढ्या पक्षी पाहायला शिकल्या, आणि त्यात पक्ष्याचे आकारमान चिमणी, बुलबुल, मैना, कावळा, घार अशा ओळखीच्या पक्ष्यांशी ताडून दिलेले असते. थोडा मोठा असेल तर पुढे अधिकचे चिन्ह, थोडा लहान असेल तर उणे.

"बुलबुल अधिक, मैना वजा!" आजोबांचा चेहरा उजळला. "अहो, हा माणूस हिशेबातला असणार."

मला ते नाकारायचे होते. पण सलीम अलींनी तरुणपणी मुंबईच्या दावर कॉलेजात वाणिज्य कायदा आणि हिशेबशास्त्रच शिकायला घेतले होते, हे मला माहीत होते आणि खोटे बोलणे जमले नाही. त्यानंतर आजोबांचा या पुस्तकावरचा हक्क माझ्या हक्काहून जुना आणि अधिक कायदेशीर असल्यासारखे त्यांचे वागणे झाले.

शेवटी त्यांनी तडजोड मांडली. "चित्रं मी घेतो, मजकूर तुम्ही घ्या. बिल निम्मं निम्मं."

आता गंमत अशी, की असे काहीसे पूर्वी घडलेले आहे. शहाद्याजवळ १९९७ साली रानपिंगळा पुन्हा शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या पामेला रासमुसेन यांनी जॉन अँडरटन यांच्यासह २००५ साली दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवर जे पुस्तक काढले, ते मुळातच दोन खंडांत आहे. एकात चित्रे आणि नकाशे, दुसऱ्यात सविस्तर वर्णने आणि आवाजांचे आलेख. १८८४ नंतर कोणालाही खात्रीने न सापडलेला पक्षी जी बाई शोधून काढते, तिने चित्रांचा आणि तपशिलाचा संसार वेगळा थाटला तर तिला तो अधिकार आहे, आणि ते दोन्ही खंड एकाच घरात नांदतात. पण हे मी आजोबांना सांगितले नाही. त्यांनी ते पूर्वनिर्णय म्हणून माझ्याच विरुद्ध वापरले असते.

त्याऐवजी मी पुस्तकाची बांधणी समजावू लागलो. डाव्या पानावर मजकूर, समोर उजव्या पानावर त्याची चित्रे. म्हणजे चित्राच्या पाठीवर पुढच्या पक्ष्यांचा मजकूर. तुम्ही खंड्या कापलात, की माझ्या वाट्याच्या मजकुरात खंड्याच्या आकाराचे भोक पडणार. घुबडे कापलीत, की त्यांच्या पाठीवरचे सगळे कुटुंब निराधार. आजोबांनी पान उलटसुलट करून पाहिले, मान डोलावली आणि म्हणाले, "मग तुम्ही आधी झेरॉक्स काढून घ्या."

खरे सांगायचे तर मी एवढ्या हट्टाला का पेटलो, असे कोणीही विचारील. हल्ली फोनमध्ये मर्लिन नावाचे ॲप असते, ते नुसता आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सांगते, आणि आमच्या गटातले तरुण तेच वापरतात. ते एक नाव सांगते आणि गप्प बसते. पुस्तकात त्या नावाचे चार शेजारीही दिसतात, आणि हा तो का नव्हे, याची भुवई, पायांचा रंग, शेपटीची कडा अशी कारणे समजतात. उरले ग्रंथालय. आमच्या जवळच्या ग्रंथालयात सलीम अली आणि डिलन रिप्ली यांचा १९६८ ते १९७४ या काळात निघालेला दहा खंडांचा महाग्रंथ आहे. त्यातले सात खंड काचेच्या कपाटात आहेत, तीन कुठे आहेत ते कोणाला ठाऊक नाही, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर असतात. मी तिथे पाच वेळा गेलो. पाचव्या वेळी मला नमस्कार करण्यात आला, पण कपाट उघडण्यात आले नाही. मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' मात्र बाहेरच्या फडताळावर होता, आणि एकाच पक्ष्याला किती नावे असतात हे पाहत मी तिथे एक बरी दुपार घालवली. पण कोश नाव सांगतो तो आधी पक्षी ओळखलेल्याला. न ओळखलेल्याने त्याला काय विचारावे?

असो. मंगल कार्यालयात प्रकरण काट्यावरच्या मुलापर्यंत गेले. त्याने कानातली वायर काढून एकच प्रश्न विचारला, "आधी कोणी उचललं?"

"मी," मी म्हणालो. "उचलून मी ते इथे... ठेवलं होतं."

"ठेवलं की लपवलं?"

मी गप्प राहिलो.

"लपवलेलं आम्ही धरत नाही, काका." आणि वायर पुन्हा कानात गेली.

आजोबांनी एकशे चाळीस रुपये मोजून दिले, आयकराचे वेगळे. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना दया आली असावी, कारण त्यांनी टेबलावर गाइड उघडले, वटवट्यांचे पान काढले, स्टीलची पट्टी शिवणीलगत धरली आणि ते पान अत्यंत सुबकपणे फाडून माझ्या हातात ठेवले. "हे तुम्हाला. सगळे एकसारखेच आहेत. मी चिकटवले, तर शिक्षिका म्हणतील एकच पक्षी सातदा लावलाय." मुलाने कर्तव्य म्हणून ते पानही काट्यावर टाकले. काट्याने शून्य दाखवले. म्हणून फुकट.

घरी येऊन ते पान दिव्याखाली धरल्यावर मला आजोबांच्या उदारपणाची खोली समजली. समोर सात वटवटे आहेत आणि प्रत्येकाजवळ फक्त एक आकडा छापलेला आहे. त्या आकड्यांची नावे, भुवया, पाय आणि शेपट्या ज्या डाव्या पानावर दिल्या होत्या, ते आधीच्या कागदाच्या पाठीवर, म्हणजे नातीच्या घरी आहे. माझ्या पानाच्या मागे पुढच्या कुठल्या तरी नऊ पक्ष्यांची तपशीलवार वर्णने आहेत, ज्यांची चित्रे मंगळवारपासून बहुधा एखाद्या वर्गाच्या भिंतीवर आहेत. आणि ती आवृत्ती जुनी असल्यामुळे, बूटवाला आणि साइक्सचा हे आता वेगळे मानले जाणारे दोन वटवटे त्यात एकच धरले आहेत की काय, हेही आता समजण्याचा मार्ग नाही. कर्नल साइक्स दख्खनभर हिंडले आणि १८३२ साली त्यांनी इथल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यांच्या नावाचा पक्षी त्याच दख्खनमध्ये माझ्या टेबलावर बेनामी पडून आहे.

काल सकाळी सोसायटीच्या कुंपणावरच्या घाणेरीत 'चक् चक्' असा आवाज आला. मी पान घेऊन धावलो. पक्षी तब्बल तीन सेकंद उघड्यावर बसला, डावीकडे तोंड करून, आणि मी आयुष्यात प्रथमच एखादा वटवट्या चित्राशी जसाच्या तसा जुळवला. तो चार नंबरचा आहे.