पिवळ्या फरशा म्हणे बिनकामाच्या!

‘फूटपाथवरच्या अंधांसाठीच्या पिवळ्या खडबडीत फरशा म्हणजे कंत्राटदाराची चंगळ. बुटातून कुणाला काय कळतं? आता स्मार्ट काठ्या आल्यात, मोबाईल रस्ता सांगतो. आणि त्या पट्टीवरून चालणारा अंध माणूस कुणी पाहिलाय?’ असा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय.

बुटातून कळत नाही, हे खुर्चीत बसून ठरवलेलं दिसतं. उंचवटे साधारण ५ मिलिमीटरचे असतात. पायाला ते जाणवतात, काठीच्या टोकाला तर हमखास. लांब पट्ट्या म्हणजे या दिशेने चला. गोल उंचवटे म्हणजे जपून, पुढे जिना, रस्ता किंवा फलाटाची कड आहे. ही कल्पना जपानच्या सेइइची मियाके यांची, १९६५ सालची. मार्च १९६७ मध्ये ओकायामातल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर या फरशा पहिल्यांदा बसल्या. तेव्हा आपले कंत्राटदार चित्रातही नव्हते. पिवळा रंगही शोभेचा नाही. अंध म्हणून गणल्या जाणाऱ्या अनेकांना थोडंफार दिसतं आणि करड्या फूटपाथवर पिवळा उठून दिसतो.

स्मार्ट काठीचा मुद्दा मात्र नीट बघायला हवा. आयआयटी दिल्लीत तयार झालेली ‘स्मार्टकेन’ २०१४ मध्ये आली. वस्तू चांगली आहे. अल्ट्रासोनिक लहरींनी ती ३ मीटरपर्यंतचा अडथळा हेरते आणि मूठ थरथरते. लोंबती फांदी, ट्रकचं मागचं फळकूट अशा गुडघ्याच्या वरच्या गोष्टी, ज्या साध्या काठीला लागत नाहीत, त्या हिला कळतात. पण हे उपकरण बसतं कशावर? पांढऱ्या काठीवरच! खड्डा, पायरी, उघडं गटार ओळखण्याचं काम अजून काठीच्या टोकाचंच. डावा पाय पुढे पडतो तेव्हा टोक उजवीकडे टेकतं, उजवा पडतो तेव्हा डावीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार, ती जमीन आधीच तपासून झालेली असते. डांबर, माती, लोखंडी झाकण, प्रत्येकाचा आवाज वेगळा, हाताला बसणारा हादराही वेगळा. याला चार्जिंग लागत नाही.

मोबाईलचं थोडक्यात. जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतं, आणि फूटपाथ नि रस्ता यांत अंतर तेवढंही नसतं.

राहिला ‘कुणी दिसत नाही’चा मुद्दा. निरीक्षण बऱ्याच ठिकाणी खरं आहे, निष्कर्ष उफराटा. पट्टी झाडाच्या बुंध्याशी नाहीतर विजेच्या डीपीच्या खोक्याशी जाऊन संपते. कुठे सरळ वाटभर गोल उंचवट्यांच्याच फरशा लावलेल्या, म्हणजे पावलोपावली ‘जपून, जपून’. जी पट्टी धड राहते तिच्यावर दुचाक्या उभ्या. अशा पट्टीवर भरवसा ठेवून खांबावर आपटण्यापेक्षा माणूस भिंतीच्या कडेनेच जाणार. रस्ते दिव्यांगांना वापरता येतील असे करणं ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारवर टाकलेली जबाबदारी आहे. तेव्हा मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा पट्टी जिथे खांबाला धडकते तिथला फोटो काढा आणि वॉर्ड ऑफिसात तक्रार द्या.