टॅब कुणाचा?

कीबोर्डवर शंभरेक बटणं असतात, पण माझ्या ईमॅक्समध्ये सगळ्यांचा डोळा एकाच बटणावर. टॅब. शब्द पुरा करायचा, टॅब. साचा उघडायचा, टॅब. साच्यातल्या पुढच्या रिकाम्या जागेत जायचं, टॅब. आणि ईमॅक्समध्ये त्या बटणाचं जे मूळ काम, म्हणजे ओळ जरा आत सरकवायची, ते काम राहिलं बाजूलाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जीएनयू ईमॅक्स हा लिहायचा प्रोग्रॅम आहे, रिचर्ड स्टॉलमनचा, १९८५ सालचा, म्हणजे माझ्यापेक्षा वयानं मोठा. यातलं सगळं आपल्याला हवं तसं बदलता येतं, आणि तिथंच घोळ आहे, कारण बदलता येतंय म्हटल्यावर माणूस बदलतच बसतो आणि लिहायचं राहून जातं.

मी दिवसा सांगलीत विश्रामबागेतल्या खोलीत बसून नोकरीचे पायथन भाषेतले प्रोग्रॅम लिहितो आणि संध्याकाळी काकांचं काम करतो. काका दस्तलेखक. भाडेकरार, साठेखत, खरेदीखत, प्रतिज्ञापत्र, जे म्हणाल ते. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा काकांचं दुकान पाण्यात गेलं आणि वर्षानुवर्षं जपलेल्या नमुन्यांच्या फायलींचा लगदा झाला. काकांना मजकूर तोंडपाठ, ते म्हणाले मी सांगतो तू कॉम्प्युटरात घाल. सरळ चार फायली करून कॉपी-पेस्ट केलं असतं तरी भागलं असतं, पण मला ईमॅक्सशी खेळायला निमित्तच पाहिजे होतं.

सुरुवात केली ॲब्रेव्हपासून, ते आतच असतं, वेगळं काही घ्यावं लागत नाही. "सां" लिहून स्पेस दिली की "सांगली, तालुका मिरज, जिल्हा सांगली" एवढं आपोआप उमटतं. (जिल्ह्याचं गाव सांगली पण तालुका मिरज, हे बाहेरच्या पार्टीला दर वेळी समजावून सांगावं लागतं.) मी खूश. मग "ता" म्हणजे तालुका असं पण टाकून ठेवलं. हे ॲब्रेव्ह विचारत बिचारत नाही, तुम्ही स्पेस दिली, टिंब दिलं, की त्यानं शब्द बदललाच. पहिल्याच कराराच्या डोक्यावर "ता. ५ जून" लिहायला गेलो तर "तालुका. ५ जून" झालं. काकांनी चष्मा कपाळावर घेतला आणि म्हणाले, "हा कुठला रे नवीन तालुका?"

मग डीॲब्रेव्ह. हे मात्र गुणी. शब्दाची दोन अक्षरं लिहायची आणि आल्ट-स्लॅश दाबायचं, तो आधी तुमच्याच मजकुरात मागं बघतो, मग पुढं बघतो, मग उघड्या असलेल्या बाकीच्या फायलींत, आणि त्या अक्षरांनी सुरू होणारा शब्द आणून देतो, नको असेल तर परत दाबा, पुढचा देतो. पॉपअप नाही, काही नाही. दस्तात तेच तेच शब्द इतक्या वेळा येतात की याच्यासारखा मदतनीस नाही. फक्त एक गंमत झाली. मी मराठीसाठी सिस्टिमचाच इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावलेला, आणि इन्स्क्रिप्टमध्ये स्लॅशच्या जागी "य" असतो. म्हणजे मी आल्ट-स्लॅश दाबतोय आणि ईमॅक्सला ऐकू जातंय आल्ट-य, आणि तो खाली शांतपणे लिहितोय की असली काही आज्ञा नाही. शेवटी ईमॅक्सच्याच पोटातली इन्स्क्रिप्ट लावली, कंट्रोल-बॅकस्लॅशनं चालू-बंद होते, मग मजकूर मराठीत आणि आज्ञा इंग्रजीत असं जमलं.

इथंच थांबायला पाहिजे होतं असं काकांचं मत आहे. पण ऑफिसात पायथन लिहिताना कंपनी-मोड असतो, ईमॅक्सला वरून जोडायचा एक तुकडा (पॅकेज), नुसतं नाव लिहायला घेतलं की खाली यादी उघडतो, ते बघून हात शिवशिवले. कंपनी तीन अक्षरं झाली की यादी काढतो. आता तीन अक्षरं म्हणजे कंप्युटरच्या हिशेबानं, तिथं काना मात्रा वेलांटी सगळे सुटे मोजले जातात. नुसतं "श्री" लिहिलं की श, हलंत, र आणि वेलांटी, झाली चार! म्हणजे मी एका अक्षरावर आहे आणि याची यादी हजर, श्रीकांत, श्रीपाद, श्रीमती, जुन्या करारातले सगळे भाडेकरू रांगेत उभे. त्यात ही यादी तो मजकुराच्या ओळींवरच रंगवतो, प्रत्येक अक्षर ठरलेल्या रुंदीचं असणार असं धरून, आणि आपली जोडाक्षरं काही त्या रुंदीत बसत नाहीत, त्यामुळं यादीची उजवी कड अशी वाकडीतिकडी दिसते की बघवत नाही.

दिसण्याचं सोडा हो. खरा घात एंटरनं होतो. यादी उघडी असताना पहिला शब्द आधीच निवडलेला असतो, आणि एंटर म्हणजे "हा घे". मी लिहिलं "राहणार सांगली" आणि पुढच्या ओळीवर जायला एंटर मारला. झालं "राहणार सांगलीवाडी". भाडेकरू बिचारा सामानसुमानासकट एका एंटरमध्ये कृष्णा ओलांडून पलीकडे. परत पुसलं, परत लिहिलं, परत एंटर, परत सांगलीवाडी. प्रत्येक वेळी आधी कंट्रोल-जी दाबून यादी घालवायची आणि मग एंटर मारायचा, असं कोण करणार?

डॅनियल मेंडलरचं कॉर्फू हे याच कामाचं दुसरं पॅकेज, त्या मानानं सभ्य. मूळ सेटिंगमध्ये बोलावल्याशिवाय येत नाही, ईमॅक्सची जी स्वतःची शब्द पुरे करायची सोय आहे तीच वापरतं, आणि यादी वेगळ्या छोट्या चौकटीत दाखवतं, त्यामुळं मराठीतसुद्धा कड सरळ. पायथन आणि बाकी प्रोग्रॅमिंगसाठी मला आता हेच जास्त आवडायला लागलंय, पण नोकरीचा अर्धा कारभार सर्व्हरवरच्या टर्मिनलमध्ये, नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, चालतो आणि तिथं त्या चौकटीसाठी आणखी एक पॅकेज घाला, म्हणून ऑफिसला अजून कंपनीच आहे. आळस, दुसरं काय.

आता साचे. त्यांच्यासाठी यास्निपेट नावाचं पॅकेज. याची लिहायची पद्धत मॅकवरच्या टेक्स्टमेट नावाच्या एडिटरवरून घेतलेली. साच्यात डॉलर-एक, डॉलर-दोन अशा जागा सोडायच्या, "भाक" लिहून टॅब दाबला की अख्खा भाडेकरार उलगडतो, "कारणे भाडेकरारपत्र लिहून देतो ऐसाजे की" पासून "स्वखुशीने व अक्कलहुशारीने" पर्यंत, आणि आपण टॅब मारत मारत नाव, वय, भाडं भरत जायचं. डॉलर-एक दहा ठिकाणी लिहून ठेवलं की एकदा नाव टाईप करताना दहाही ठिकाणी ते जिवंत उमटत जातं. हे काकांना दाखवलं तेव्हा ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, आणि काका दोन मिनिटं न बोलणं ही सोपी गोष्ट नाही.

पण मिळकतीच्या जागी मी डॉलर-तीन घातलं आणि पुढं "चे भाडे" असं जोडून ठेवलं. दुकान असतं तर "दुकानचे" म्हणून खपलं असतं, पण पार्टीचा होता गाळा. छापून आलं "गाळाचे भाडे". सांगलीत, पुरानंतर, गाळाचे भाडे! काका हसून हसून खोकायला लागले. यास्निपेटमध्ये त्या जागेला एखादं फंक्शन पण लावता येतं, म्हणून मी आता मराठी सामान्यरूपाचं फंक्शन लिहायला बसणार होतो, गाळा-गाळ्याचे, घर-घराचे, जमीन-जमिनीचे, तेवढ्यात काका म्हणाले, "अरे, सदर मिळकत म्हण की. सदर मिळकतीचे भाडे. आणि नावापुढं यांनी, यांना लाव, मग नावाला हातच लावायला नको." माझी बोलतीच बंद. आम्ही ज्या भाषेला रजिस्टर ऑफिसची भाषा म्हणून नावं ठेवतो, ती नाव कुठलंही टाका, न मोडणारी करून ठेवलीय कुणीतरी आधीच.

तर टॅब. कंपनी आणि यास्निपेट दोन्ही चालू ठेवले की एकाच बांधावर दोन भाऊबंद. साच्याच्या बाहेर, यादी उघडी असली की टॅबवर कंपनीचा ताबा, मी "भाक" लिहून टॅब दाबतो आणि करार उघडायच्या ऐवजी तो "भाक" चं "भाकरी" करायला बघतो. (भाकरी हा शब्द दस्तात कुठून आला विचारू नका, किराणा यादी ईमॅक्समध्येच दुसऱ्या फायलीत उघडी होती.) आणि साच्याच्या आत रिकाम्या जागेवर आलं की उलटं, तिथं यास्निपेटची वहिवाट, यादीतला शब्द पाहिजे असतो आणि टॅब मारला की उडी थेट पुढच्या जागेवर. मिरजेचा एक मित्र विम नावाचा दुसरा एडिटर वापरतो, त्याला वाटायचं आपल्याकडं असलं काही नाही, मग त्यानं शब्द पुरे करणारं यूकंप्लीटमी आणि साच्यांचं अल्टीस्निप्स एकत्र लावले. आता तो पण टॅबवरच बसलाय. मला उगाच बरं वाटलं.

मी शेवटी वाटणी करून टाकली. मजकुराच्या फायलींत कंपनी बंद, तिथं फक्त डीॲब्रेव्ह आणि यास्निपेट, टॅब यास्निपेटचा. प्रोग्रॅमच्या फायलींत टॅब कंपनीचा, साच्यांना वेगळं बटण. मला विचाराल तर अंदाज बांधून पुढं पुढं करणारा मदतनीस कोडमध्ये ठीक आहे, तिथं चुकलं तर एरर येते. दस्तात चुकलं तर सही होते. तिथं मला गप्प उभा राहून एक एक जागा विचारणाराच पाहिजे.

आता काकांना साठेखताचा साचा पाहिजे. त्यात रक्कम आकड्यात भरली की शेजारी अक्षरी रुपये आपोआप यायला हवेत. फंक्शन सोपं आहे, पण मराठीत नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याचं रूप वेगळं, नियम लावून सुटत नाही, सगळे शब्द हातानं घालावे लागतात. काका खुर्चीत बसून भडंग खात खात म्हणतात, मी टाईप करतो. सध्या मी सत्तरीत आहे. पण ही फाईल पडली प्रोग्रॅमची, म्हणजे इथं कंपनी चालू, आणि एकोणऐंशी लिहायला "एको" केलं की एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ अशी अख्खी यादी काढून तो माझ्याकडं बघत बसतो. काका म्हणतात, "थांबलास का? मार की एंटर."