नवख्या खेळाडूला दगड मारत बसवणारे हे सल्ले आता बस झाले

फायनल फँटसी टॅक्टिक्स हा व्हिडिओ गेम नव्याने खेळायला घेतलेल्या माणसाला पहिला सल्ला काय मिळतो माहितीये? मंडालियाच्या मैदानावर जा. शत्रू मारत जा, पण शेवटचा एक जिवंत ठेव. त्याला कोपऱ्यात गाठून घेरून टाक, म्हणजे तो हलायचा नाही. आणि मग आपल्याच माणसांना एकमेकांवर दगड मारायला लाव. तासन् तास. कारण प्रत्येक कृतीचे जॉब पॉइंट, म्हणजे माणसाच्या जॉबमधली (पेशातली) कौशल्यं शिकायला लागणारे गुण, मिळतात, दगड मारला तरी मिळतात, आणि ते साठवल्याशिवाय म्हणे पुढे पाऊलच टाकायचं नाही.

तळपायाची आग मस्तकात जाते हे वाचून. टर्नवर चालणाऱ्या डावपेचांच्या गेममध्ये याच्या तोडीचे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. १९९७ मध्ये जपानात प्लेस्टेशनवर आला, १९९८ च्या जानेवारीत अमेरिकेत, आणि आजही लोक तो आवडीने खेळतात. अशा गेमच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही सांगता काय, तर आत येऊ नकोस, अंगणात दगड मारत बस?

सप्टेंबर २०२५ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली तेव्हा माझ्या भाच्याने हौसेने घेतली. पोरगा कॉलेजात आहे, बुद्धिबळ चांगलं खेळतो, म्हणजे असल्या गेमसाठी अगदी तयार गडी. काही दिवसांनी विचारलं, कुठवर आलास? तर म्हणाला, "मामा, अजून मंडालियातच आहे. सगळ्यांचा निंजा जॉब अनलॉक करून मगच पुढे जा असं लिहिलंय सगळीकडे." त्यानंतरच्या रविवारी घरी आला तेव्हा गेम काढूनच टाकला होता. "बोअर आहे रे मामा, दुसरं काही नाहीच त्यात."

दुसरं काही नाही! अरे, तू पाहिलंसच कुठे? तुला पाहू दिलं नाही या दीडशहाण्यांनी.

आणि सल्ला बरोबर असता तर एक वेळ चाललं असतं. तो मुळातच चुकीचा आहे. या गेममध्ये वाटेत अचानक होणाऱ्या लढायांतले शत्रू तुमच्या पार्टीच्या लेव्हलप्रमाणे वाढतात. दुकानातली हत्यारं आणि चिलखतं मात्र कथा पुढे सरकेल तशीच येतात. म्हणजे पहिल्याच प्रकरणात लेव्हल फुगवून बसलात, तर समोर येणारे राक्षस तगडे आणि तुमच्या हातात तीच सुरुवातीची तलवार. नवखा माणूस मार खातो, त्याला वाटतं आपण अजून कमी पडतोय, आणि तो आणखी दगड मारायला बसतो. कथेतल्या लढायांतले शत्रू बहुतेक ठरलेल्या लेव्हलचेच असतात, त्यांच्यासाठी एवढ्या तयारीची गरजच नसते. शिवाय मैदानावरच्या एकाने काही केलं की त्याच्या जॉब पॉइंटचा पाव हिस्सा बाकीच्या साथीदारांनाही मिळतो. नुसतं सरळ खेळत गेलं तरी माणसं तयार होत जातात. हे का नाही सांगत कोणी?

डॉर्टरचंच घ्या. पहिल्या प्रकरणातली ही लढाई नव्या माणसाला हमखास आडवी येते. वर छपरावर तिरंदाज, खाली रस्त्यावर नाइट, मागून ब्लॅक मेज, म्हणजे जादूगार. सगळे मरतात तिथे, आणि सगळ्यांना एकच उत्तर मिळतं, की लेव्हल कमी आहे, मागे जाऊन ग्राइंड कर, म्हणजे त्याच त्या लढाया घासत बस. नाही! लेव्हलचा प्रश्नच नाही तो. प्रश्न आहे तुम्ही मोकळ्या रस्त्यावर घोळक्याने उभे राहता याचा. मेजचा स्पेल (मंत्र) अधिक चिन्हासारखा पाच चौकटींवर पडतो, त्यामुळे चिकटून उभी असलेली माणसं एकाच फटक्यात भाजून निघतात. धनुष्यवाला जितका उंचावर तितका त्याचा बाण लांब जातो, म्हणून खालून त्याच्याकडे धावत जाणं म्हणजे मरायलाच जाणं. भिंतीच्या आडोशाने जा, एकाला छपरावर चढव, बाकीच्यांना पांगव. आणि टर्न संपवताना तोंड कुठल्या दिशेला करतोस ते बघ, कारण पाठीमागून वार झाला तर हातातली ढाल काही कामाची नाही. एवढं सांगितलं तरी दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात डॉर्टर निघतं, आणि माणूस खरोखर काहीतरी शिकून पुढे जातो. दगड मारून काय शिकतो तो?

स्पेलच्या वेळेचं तर कोणी नावच काढत नाही. या गेममध्ये मंत्र म्हटला की लगेच पडत नाही, मध्ये वेळ जातो. तो चौकटीवर टाकायचा की माणसावर, हे गेम तुम्हाला विचारतो. चौकटीवर टाकला आणि शत्रू तिथून हलला, की फुकट गेला. शत्रूवर टाकला, की त्याच्यामागोमाग जातो, आणि तो शत्रू तोवर तुमच्याच तीन माणसांच्या मध्ये येऊन उभा राहिला असेल तर स्फोटही तिथेच. कोणाची टर्न कधी येणार याची यादी गेम स्वतः दाखवतो. मूळ आवृत्तीत ती उघडून बघावी लागते, नव्या आवृत्तीत समोरच दिसते. ती यादी वाचायला शिकणं म्हणजे निम्मा गेम शिकणं. पण नवख्यांसाठीच्या गाइडमध्ये याला जेमतेम एक ओळ, आणि अरिथमेटिशियन या जॉबला बरेचसे स्पेल तत्काळ कसे टाकता येतात यावर पानंच्या पानं. जो जॉब हाती यायला चार-चार मेज जॉब घासावे लागतात, आणि हाती आला की सगळा गेम पांगळा होऊन पडतो, तो पहिल्या दिवशी कोणाला सांगायचा असतो का?

मरणाचंही तेच. माणूस पडला की त्याच्या डोक्यावर आकडा दिसतो, तीन. त्याच्या प्रत्येक टर्नला तो एकाने उतरतो, आणि संपला की माणूस कायमचा गेला. मागे स्फटिक उरतो किंवा पेटी. कथेचा नायक रामझा, त्याचं तसं झालं तर गेमच संपतो. पहिल्यांदा हे बघून नवखा हादरतो आणि सेव्ह लोड करतो. त्याला कोणी सांगत नाही की आकडा उतरायच्या आत लढाई जिंकली तर पडलेला माणूस जिवंत राहतो. कोणी सांगत नाही की फिनिक्स डाउन हे पडलेल्याला उठवणारं औषध नुसतं विकत घेऊन भागत नाही, ते वापरायचं कसं हे केमिस्टला, म्हणजे औषधं वापरणाऱ्या जॉबच्या माणसाला, जॉब पॉइंट खर्चून शिकवावं लागतं. खिशात औषध आहे, समोर माणूस मरतोय आणि मेनूत पर्यायच नाही! नव्या खेळाडूचे सगळ्यात जास्त हाल इथे होतात, आणि सल्ला देणारे मात्र निंजाच्या दोन तलवारी कुठल्या यावर भांडत असतात.

भांडतात तरी कशाकशावर! मूळ गेम सुरू होतानाच रामझाचा वाढदिवस विचारतो, कारण राशीवरून कोणाचा वार कोणाला जास्त लागणार हे थोडंफार ठरतं. बस, तिथूनच सुरू. ही रास नको, ती घे. मग लेव्हल वाढताना अमुक जॉबमध्येच असायला हवं, नाहीतर म्हणे माणूस कायमचा बिघडला. साधारणपणे एकदा गेम संपवणाऱ्याला त्यातला फरक जाणवतही नाही. मग ब्रेव्ह (धाडसाचा आकडा) सत्त्याण्णववर न्या, फेथ (श्रद्धेचा) इतका ठेवा. अरे, नवख्याने अजून पहिली लढाई खेळलेली नाही. ती जिथे होते त्या ऑर्बोनच्या मठातून बाहेर पडायच्या आत त्याच्या डोक्यात भुसा भरून ठेवलात तुम्ही.

वर कुठल्या आवृत्तीबद्दल बोलताय ते सांगायचं सौजन्यही नाही. २००७ मध्ये पीएसपी या हातात धरायच्या कन्सोलवर याच गेमची वॉर ऑफ द लायन्स ही आवृत्ती आली, तिच्यात डार्क नाइट आणि ओनियन नाइट हे जॉब वाढवले. नव्या आवृत्तीत ते घेतलेलेच नाहीत. तरी बिनदिक्कत सांगतात, डार्क नाइटसाठी आत्तापासून तयारी कर. पोरगा महिनाभर अशा जॉबसाठी राबणार जो गेममध्येच नाही!

आता जो एक सल्ला खरोखर द्यायलाच हवा, त्याकडे येतो. रिओव्हान्सच्या किल्ल्यात शिरण्याआधी सेव्ह वेगळ्या जागी ठेव. मूळ आवृत्तीत तिथे लागोपाठ लढाया आहेत, मध्ये सेव्ह करता येतं पण बाहेर पडता येत नाही, आणि एका लढाईत रामझाला एकट्याने उभं राहावं लागतं. एकच सेव्ह असेल, ती आतच झाली असेल आणि रामझा तेवढा तयार नसेल, तर माणूस कायमचा अडकला. पन्नासेक तासांवर पाणी. हे सगळ्या जुन्या खेळाडूंना माहीत आहे, अगदी प्रत्येकाला. आणि नवखा विचारायला आला की काय करतात? हसतात. "किल्ल्यात पोचलास की कळेल." आम्ही भोगलं, तूही भोग. ही कसली वृत्ती? ज्याच्यावर तुमचं इतकं प्रेम आहे तो गेम दुसऱ्याने अर्ध्यात वैतागून टाकून द्यावा यात आनंद कसला वाटतो? एका ओळीचं काम आहे ते. सगळ्यात वर, ठळक अक्षरात लिहा.

जे लपवायचं ते मात्र चव्हाट्यावर मांडतात. अमुक लढाईच्या आधी अमक्याच्या अंगावरचं सगळं सामान काढून घे. म्हणजे काय सांगितलंत? तो उलटणार हे सांगितलंत! शिपाई तयार करत बसू नकोस, चौथ्या प्रकरणात एक जण असा येतो की तो एकटाच सगळं निभावतो. मग त्या पोराने पहिल्या दिवसापासून सोबत असलेल्या, स्वतः नावं दिलेल्या माणसांवर जीव कशाला लावायचा?

आणि "कटसीन (कथेचे प्रसंग) स्किप कर" म्हणणाऱ्यांना तर मी हात जोडतो, बाबांनो, नव्या माणसाशी बोलूच नका. पन्नास वर्षांचं युद्ध हरलेला देश, पगार न देता घरी पाठवलेले सैनिक, पोटासाठी लुटालूट करणारे तेच सैनिक, आणि त्यांना मारायला पाठवलेली सरदारांची पोरं. रामझा त्या सरदारघराण्यातला आणि देलिता त्याच घरात वाढलेला सामान्य घरातला मुलगा. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी त्या दोघांच्यात जे होतं ते पाहिल्यावर पुढच्या प्रत्येक लढाईत हात वेगळाच चालतो. यासाठीच खेळायचा असतो हा गेम. जॉब पॉइंट काय, खेळता खेळता मिळतातच.

भाच्याला परत बसवणार आहे. गाइड नाही, यादी नाही, व्हिडिओ नाही. दोन वेगळ्या जागी सेव्ह, एक केमिस्ट, आणि मंडालियातून थेट पुढे.