पालकांना तसदी न पडता मुलं ख्रिस्ती कशी वाढवावीत

गेल्या शनिवारी रात्री अकराच्या सुमारास एका वडिलांचा मेसेज आला. मुलगी आमच्या संडे स्कूलमध्ये, यंदा फर्स्ट कम्युनियनला, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायला बसणार. त्याआधी पहिलं कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे आपल्या चुकांची कबुली. "टीचर, उद्या हिची ऑलिंपियाडची मॉक आहे. कन्फेशनचा स्लॉट दुसऱ्या दिवशी ॲडजस्ट होईल का? आणि रिहर्सलला फोटोग्राफर आणला तर चालेल ना?" मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. शेवटी ठरवलं, एकेकाशी डोकं लावण्यापेक्षा समस्त ख्रिस्ती आईबापांसाठी मार्गदर्शनच लिहून टाकावं. ठाण्यात गरजू पुष्कळ आहेत.

सगळ्यात आधी, दोष कुणाला द्यायचा ते ठरवून ठेवा. 'आजकालचं वातावरण' एवढे दोन शब्द पाठ करा. मोबाइल, नेटफ्लिक्स, कॉलेजातली संगत, सगळं त्यात मावतं आणि मुख्य म्हणजे तुम्ही स्वतः त्यात येत नाही.

घरात बायबल हवंच. काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, पोराचा हात पोचणार नाही असं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात मुलांना चॉकलेट सोडायला लावा. तुमचं शुक्रवारचं 'बसणं' वेगळं, त्याला ऑफिसचा ताण असतो.

आता रविवार. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, तासाभराची. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून धरतात, पण ही सोय घरात कुणाला कळू देऊ नका, उगाच मार्ग निघायचा. सातवीपासून फाउंडेशन बॅच लावा, तिची टेस्ट बरोबर रविवारी सकाळी नऊला असते. क्लासवाल्याला कधी विचारलंत का हो, स्लॉट ॲडजस्ट होईल का म्हणून? नाही विचारत. तिथे लाखभर भरलेले असतात. पोर तापाने फणफणलं तरी गोळी देऊन बसवता. मेगाब्लॉक असला तर घोडबंदरवरून रिक्षा, माजिवड्याला अर्धा तास अडकणं, तरी पावणेनऊला हजर. आणि चर्च दहा मिनिटांवर, पण पाऊस होता ना टीचर. आमची चूक एवढीच की आम्ही फुकट शिकवतो. पुढच्या वर्षी दीड लाख फी लावू, रँक काढू, तीन हात नाक्यावर होर्डिंग लावू: दहा आज्ञांत दहापैकी दहा, आमच्या गुणवंतांचं अभिनंदन, फोटोसकट! मग बघू कोण गैरहजर राहतं. आठ वर्षांची ही पोर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने दुसऱ्या माणसाला सांगणार आहे. खोटं बोलले, भावाला मारलं, आईचे पैसे घेतले. वर्गात सराव करताना तिचा आवाज कापत होता. आणि तिचा बाप स्लॉट विचारतो! पार्लर आहे का ते? १९१० साली पोप दहावे पायस यांनी पहिल्या कम्युनियनचं वय खाली आणून सातच्या आसपास ठेवलं. त्याआधी मुलांना दहा-बाराव्या वर्षापर्यंत, कुठे कुठे चौदाव्यापर्यंतही थांबवत. त्याच आदेशात मुलाची जबाबदारी कुणाकुणावर तेही लिहिलंय, आणि त्या यादीत आईवडील पहिले आहेत. बिचाऱ्या पोपना ऑलिंपियाड ठाऊक नव्हतं.

असो. पुढचे उपाय सोपे आहेत.

गुड फ्रायडेला जोडून सुट्टी येते. अलिबागचं बुकिंग फेब्रुवारीतच करा, नंतर रेट वाढतात.

नाताळात सोसायटीच्या कार्यक्रमात सांता नाचवा. येशूजन्माच्या गोठ्याचा विषय मीटिंगमध्ये काढू नका, पार्किंगवरून आधीच पेटलेलं असतं.

मुलांना 'कंप्युटरवाल्या संता'ची गोष्ट जरूर सांगा. कार्लो अक्युटिस, २००६ साली पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेलेला मुलगा, सप्टेंबर २०२५ मध्ये संत म्हणून जाहीर झाला. त्याचा जीन्समधला फोटो फ्रिजवर लावा. मात्र तिथेच थांबा. त्याची आई चर्चच्या वाटेला फारशी फिरकत नव्हती आणि पोराच्या प्रश्नांना उत्तरं देता येईनात म्हणून स्वतः धर्मशास्त्र शिकायला गेली, एवढा भाग गाळा. तुमच्या मुलांनी काही विचारलं तर 'टीचरला विचार' म्हणा.

१३२१ साली याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी श्रद्धेपायी मारले गेले, आणि त्यांच्या अस्थी ओदोरिक नावाच्या दुसऱ्या फ्रान्सिस्कनाने पार चीनपर्यंत नेल्या. हेही सांगायची गरज नाही. कुठल्या मॉलचं फूड कोर्ट कितव्या मजल्यावर हे मुलांना पाठ आहे, तेवढं ठाणं पुरे.

आणि शेजारच्या दारात संध्याकाळी सातला डोकावू नका, त्रास होईल. तिथली आजी दिवा लावते आणि चार वर्षांचा नातू हात जोडून शुभंकरोति म्हणतो. त्याला क्लास नाही, हजेरी नाही, सर्टिफिकेट नाही. तुमच्याच मजल्यावर राहतो, तेच कार्टून बघतो, त्याच शाळेच्या बसने जातो. त्याला कसं काय नाही लागत हे आजकालचं वातावरण? आपल्याकडेही संध्याकाळची रोझरी होती, माळेवर म्हणायची मारियामातेची प्रार्थना, पाच रहस्यांची म्हणजे पाच भागांची. पंधरा-वीस मिनिटांचं काम. मान्य, तुम्ही लोकलला लटकून नऊला घरी पोचता. मग साडेनऊला म्हणा. पाचातलं एकच रहस्य म्हणा. झोपताना कपाळावर क्रुसाची खूण करायला कितीसा वेळ लागतो हो?

आता सरळच बोलते. बाप्तिस्म्याच्या दिवशी फादरांनी तुम्हाला विचारलं होतं, या बाळाला श्रद्धेत वाढवायची जबाबदारी तुम्ही घेताय, ती नीट समजली आहे ना? तुम्ही दोघंही हो म्हणालात. बाळ झोपलं होतं, त्याने काहीच कबूल केलं नव्हतं. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या मेणबत्तीवरून पेटवलेली मेणबत्ती तुमच्याकडे सोपवली, नेटफ्लिक्सकडे नाही. मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडीलच, हे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली लिहून ठेवलंय. मी आठवड्यातला एक तास आहे, तोही तुमची टेस्ट नसेल तर.

तुमचा विश्वास उरला नसेल तर तसं सांगा. मला राग येणार नाही, निदान मुलीला खरं बोलणं तरी शिकायला मिळेल. पण तिला आत ढकलायचं, आपण आवारात गाडीत एसी लावून रील्स बघायच्या, आणि पंधराव्या वर्षी ती 'मला नाही यायचं' म्हणाली की माझ्याकडे येऊन रडायचं, हे बंद करा. ती इतकी वर्षं गाडीतल्या तुम्हालाच बघत होती. येत्या रविवारी इंजिन बंद करा, फोन गाडीत ठेवा आणि तिच्या शेजारी बाकावर येऊन बसा.