पोटातून ओरडा

तोक्योत आल्यापासून तीन वर्षं मी हळू बोलतोय. लोकलमध्ये फोन वाजला तर खिसा कापताना सापडल्यासारखं वाटतं. निशिकासाईच्या आमच्या फ्लॅटमध्ये कुकरची दुसरी शिट्टी झाली की बायको धावत जाऊन गॅस बंद करते. त्यामुळे एका संध्याकाळी व्यायामशाळेतून माणसं गळा फाडून ओरडताना ऐकली तेव्हा मी जागीच थांबलो. आत केंदो चाललं होतं. केंदो म्हणजे तलवारीचा मार्ग, हे नंतर समजलं. मला फक्त ओरडायचं होतं.

वय 42. नवशिक्यांच्या रांगेत माझ्या डावीकडे 8 वर्षांचा पोरगा, उजवीकडे त्याची धाकटी बहीण. हातात शिनाई, म्हणजे बांबूच्या चार पट्ट्या चामड्याने बांधून केलेली तलवार. ती फिरवायला मिळेल म्हणून आलो, तर दोन महिने नुसते पाय घासले. उजवा पाय पुढे, डावी टाच किंचित वर, आणि तळवे न उचलता सरकायचं. घरी मी असाच चालायला लागलो तेव्हा बायकोने हातात पोछा दिला.

मग हाकामा, म्हणजे चुण्यांचा घोळदार पायजमा. पुढे पाच चुण्या, मागे एक. आजीला नऊवारी नेसायला इतका वेळ लागत नसे. त्यावर चिलखत, डोक्याला रुमाल, रुमालावर जाळीचं शिरस्त्राण. त्याच्या दोऱ्या मागे गाठून झाल्या की नेमकं त्याच क्षणी नाक खाजतं. जाळीतून बोट जात नाही. आणि उसने मिळालेले हातमोजे! त्यांना माझ्याआधीच्या कित्येक जणांचा वास होता, आणि तो प्रत्येकाचा वेगवेगळा ओळखू येत होता.

एवढं करून ओरडणं जमेना. केंदोत डोकं (मेन), मनगट (कोते), धड नाहीतर गळा, जिथे मारायचं त्या जागेचं नाव घेत मारायचं. आवाज, तलवार आणि पाय एकदम पडले तरच गुण. (गुण मिळाल्यावर मूठ उंचावून आनंद केलात तर मिळालेलाही जातो.) ती चिमुरडी 'मेन!' म्हणाली की खिडक्या थरथरायच्या. माझं 'मेन' मीटिंगमध्ये 'एक मिनिट' म्हणावं तसं निघायचं.

"पोटातून," सेन्सेई, म्हणजे आमचे गुरुजी, म्हणायचे. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, सातव्या दानचा (म्हणजे श्रेणीचा) माणूस. माझ्या पोटात पुरेशी जागा आहे, हे त्यांना दिसत होतं.

मग एका शनिवारी त्या पोराने माझ्या मनगटावर नेम धरला. नेम चुकला. शिनाई हातमोजाच्या वर, उघड्या कोपरावर बसली.

"आई गं!"

सगळी व्यायामशाळा गप्प. सेन्सेई लगबगीने आले. मला वाटलं, लागलंय का विचारतील.

"हाच!" ते म्हणाले. "हा आवाज पोटातून आला. पुन्हा!"

पुन्हा काही तो येईना. मग त्यांनी शब्दाचा अर्थ विचारला. म्हटलं, "आई." त्यांनी बराच वेळ गंभीरपणे मान हलवली.

पुढच्या शनिवारी तो पोरगा परत माझ्यासमोर आला. वाकून नमस्कार केला, शिनाईचं टोक माझ्या गळ्यावर रोखलं, आणि छप्पर उडेल अशा आवाजात गरजला, "आई गं!"

मी दचकलो. तेवढ्यात "कोते!" या वेळी बरोबर मनगटावर.