शर्यतीची जुनी बोट 'लोकार्पण' करणाऱ्यांना चार सल्ले

अभिनंदन! लोकवर्गणीतून तुम्ही शर्यतीची एक जुनी शिडाची बोट वाचवलीत. पितळ असं चकाकतंय की त्यात बघून भांग पाडावा. आता तिचा लोकांना उपयोगही व्हायला हवा म्हणता? मग ऐका.

पहिलं म्हणजे, तिला पाणी दाखवू नका. 'जिप्सी मॉथ फोर' या शिडाच्या बोटीचंच बघा. पासष्टीचे इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस चिचेस्टर १९६६-६७ मध्ये तिच्यातून एकट्याने, वाटेत फक्त सिडनीला थांबून, पृथ्वीला वळसा घालून आले. बक्षीस काय, तर लंडनमधल्या ग्रिनिचला 'कटी सार्क' या जुन्या शिडाच्या जहाजाशेजारी कोरड्या गोदीत जन्मठेप! पावसाने आणि पर्यटकांच्या बुटांनी डेकची वाट लागली, मग डेकही बंद. शेवटी एक पौंड आणि एका जिन-टॉनिकवर सौदा झाला. किती स्वस्तात पडलं!

देणगीदारांची पाटी बोटीच्या नावापेक्षा मोठी हवी.

पत्रकात 'तरुण पिढीसाठी' हे शब्द तीनदा तरी घाला. तरुण पिढी मात्र धक्क्यावरच थांबवा. गेल्या शनिवारी भाचीला घेऊन साउदॅम्प्टनजवळ अशीच एक बोट बघायला गेलो. वर्गणी मीही दिली होती. आडवी दोरी! "आज प्रायोजकांचा कार्यक्रम आहे." डेकवर वाइन, सागवानावर टोकदार टाचा (हो, टाचा!) आणि विंचवर (शिडाचे दोर ओढायच्या रहाटावर) कुणा साहेबांचा कोट वाळत घातल्यासारखा. पोरीने विचारलं, "ते फिरवून बघू?" "हात नको लावूस, बाळ, ऐतिहासिक आहे. भेटवस्तूंचं दुकान तिकडे."

दुकान! म्हणजे बोटीवर पाय ठेवायचा नाही, बोटीचं चित्र असलेला मग घेऊन घरी जायचं!

आणि 'मेडन' ऐतिहासिक नाही वाटतं? इंग्लंडच्या ट्रेसी एडवर्ड्सने घर गहाण टाकून घेतलेली, १९८९-९० मध्ये फक्त बायकांनी जगभर नेलेली बोट. २०१४ मध्ये सेशेल्सला सडत पडलेली सापडली. इंग्लंडात हँबलला दुरुस्त झाली ती काचेत ठेवायला नाही, मुलींच्या शिक्षणासाठी जगभर फिरायला. २०२४ मध्ये ओशन ग्लोब रेस जिंकली. जगप्रदक्षिणेची शर्यत फक्त बायकांनी जिंकण्याची ती पहिलीच वेळ. तिच्या खलाशी बायकांत, गोव्यात बांधलेल्या आपल्या नौदलाच्या 'तारिणी' या शिडाच्या बोटीवरून आधीच पृथ्वी फिरून आलेली आपली पायल गुप्ताही होती. ती कैदेतली 'जिप्सी मॉथ'सुद्धा सुटली, पोरांना घेऊन पुन्हा जगभर गेली. पॅसिफिकमधल्या रांगिरोआ बेटाच्या प्रवाळावर आपटली, दुरुस्त झाली, २००७ मध्ये घरी आली. बुडालं का काही?

तुम्हाला मात्र ओरखड्यांची भीती. अहो, पडू देत ओरखडे! लोकांनी पैसे पार्ट्यांसाठी दिले नव्हते. ती दोरी काढा, शाळेची पोरं घ्या आणि बोट साउदॅम्प्टनजवळच्या सोलंट सामुद्रधुनीत बाहेर काढा. जमत नसेल तर आमची वर्गणी परत करा.